‘मिशन’ या शब्दाची गोष्ट

गेल्या उन्हाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एका वाडीवर आम्ही मिस्साबलिदानासाठी गेलो असता वेशीजवळ पाण्याची नवी टाकी उभी राहिलेली दिसली. टाकीच्या पोटावर निळ्या अक्षरांत ‘जल जीवन मिशन’ असे रंगविलेले होते. मिस्सा आटोपून ओट्यावर चहा घेत असताना ऐंशी ओलांडलेल्या एका आजींनी आम्हांला बाजूला बोलावले व हलक्या आवाजात विचारले, “फादर, मिशन परत आलं म्हणायचं का?”

आम्हांला प्रश्नाचा रोख कळेना. तेव्हा आजींनी टाकीकडे बोट केले. “त्याच्यावर लिव्हलंय म्हणं मिशन. नातवानं वाचून दावलं. बहात्तरच्या दुष्काळात मिशननंच हीर खांदली व्हती. मधी कुठं गेलं व्हतं?”

आम्ही हसलो. ही टाकी सरकारची आहे, घरोघरी नळाने पाणी देण्यासाठी केंद्र सरकारने २०१९ साली ही योजना काढली आहे, तिचा चर्चशी काही संबंध नाही, असे त्यांना समजावून सांगितले. आजींनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “सरकारचं व्हय? मग मिशनचं नाव कशापायी लावलं?”

याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. मोटारसायकलवरून परतताना रस्ताभर तो प्रश्न आमच्या मागे बसून आला. आमचे वय पन्नाशीच्या पुढे गेले आहे. गुरुदीक्षा होऊनही पंचवीसहून अधिक वर्षे लोटली. या सर्व काळात जो शब्द आम्ही दिवसातून दहा वेळा उच्चारतो व दहा वेळा ऐकतो, त्याचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे असे आम्ही गृहीत धरले होते. आजींनी त्या गृहीताला सहज धक्का दिला.

वाचकहो, हा शब्द आपल्याकडे किती घरी पाणी भरतो ते एकदा पाहण्यासारखे आहे. जून महिना उजाडला की आमच्या कार्यालयापुढे पालकांची रांग लागते. “फादर, मिशनच्या शाळेत पोराची अ‍ॅडमिशन पाहिजे.” येथे मिशन म्हणजे शाळा. दुपारी एक गृहस्थ येतात. त्यांना मिशनच्या कुंपणालगतची आपली जमीन विकायची असते. येथे मिशन म्हणजे कुंपण, गट नंबर आणि सातबारा. सायंकाळी रजेवर आलेला एक जवान भेटावयास येतो. नगरला चिलखती दलाचे मोठे प्रशिक्षण केंद्र असल्याने लष्करी बोली आमच्या कानांना परकी नाही. त्याच्या लेखी मिशन म्हणजे वरून आलेली कामगिरी : कोणी, काय, कधी, कोठे आणि कशासाठी करायचे हे एका वाक्यात सांगणारा हुकूम. शेजारच्या घरातील दहावीच्या मुलीने भिंतीवर कागद चिकटविला आहे : ‘मिशन नव्वद टक्के’. तिच्या लेखी मिशन म्हणजे जिद्द.

वर्तमानपत्र उघडावे तर आणखी मौज. पहिल्या पानावर कोणत्या तरी पक्षाचे निवडणुकीचे ‘मिशन’ असते. आतल्या पानावर ‘मिशनरी’ हा शब्द संशयाने, जवळजवळ आरोपासारखा छापलेला असतो. आणि त्याच अंकात जिल्हा परिषदेच्या एखाद्या निवृत्त शिक्षकाचा गौरव करताना वार्ताहर लिहितो की, गुरुजींनी तीस वर्षे ‘मिशनरी वृत्तीने’ ज्ञानदान केले. एकाच शब्दाने एका पानावर शिव्या खाव्यात आणि दुसऱ्या पानावर हार घालून घ्यावा, असे भाग्य फार थोड्या शब्दांच्या वाट्यास येत असेल.

पुण्याच्या सेमिनरीत असताना लॅटिन भाषेचा जो काही अभ्यास घडला, तो अशा वेळी थोडा उपयोगी पडतो. इंग्रजीतील ‘मिशन’ हा शब्द लॅटिनमधील ‘मित्तेरे’ म्हणजे ‘पाठविणे’ या धातूपासून आला. त्याची भावंडे आपल्या बोलीत केव्हाच रुळली आहेत. अ‍ॅडमिशन म्हणजे आत येऊ देणे, परमिशन म्हणजे जाऊ देणे, कमिशन म्हणजे काम सोपवून धाडणे. जमिनीच्या दलालाला जे कमिशन मिळते, तेही मुळात दुसऱ्याने सोपविलेले काम केल्याबद्दलचे. फार काय, आपण ज्याला ‘मिस्सा’ म्हणतो तो शब्दही याच कुळातला. लॅटिन उपासनेच्या शेवटी धर्मगुरू ‘इते, मिस्सा एस्त’ असे म्हणून लोकांना निरोप देत. जा, आता तुम्हांला पाठविले आहे. निरोपाच्या या शब्दावरून सबंध उपासनेलाच नाव पडले, आणि पोर्तुगीजांच्या तोंडून ते आपल्या किनाऱ्यावर उतरून नंतर घाटावर आले.

या शब्दाचा प्रवासही ऐकण्यासारखा आहे. जुन्या रोमन सैन्यात ‘मिस्सिओ’ म्हणजे सैनिकाची सेवेतून मुक्तता. नोकरीची वर्षे भरली की त्याला सन्मानाने घरी पाठवीत. ते त्याचे ‘मिस्सिओ’. पुढे ख्रिस्ती ईशज्ञानात हा शब्द फार उंचीवर गेला : पित्याने पुत्राला आणि पवित्र आत्म्याला जगात पाठविणे यासाठी तो योजिला जाऊ लागला. सोळाव्या शतकात त्याला आणखी एक अर्थ मिळाला. १५४० साली मान्यता मिळालेल्या येशूसंघाचे सभासद, पोप महोदय पाठवतील तेथे जाण्याचे खास व्रत घेत. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ च्या मे महिन्यात गोव्यास उतरले ते याच अर्थाने. दूरदेशी धर्मगुरू धाडणे म्हणजे ‘मिशन’ हा अर्थ तेव्हापासून रूढ झाला. मग राजेलोकांनी आपल्या वकिलांसाठी तो उचलला, सेनापतींनी मोहिमांसाठी उचलला. १९४२ च्या मार्चमध्ये सर स्टॅफर्ड क्रिप्स विलायतेहून आले त्या शिष्टाईलाही ‘क्रिप्स मिशन’ म्हणतात. ते मिशन फसले, पाठोपाठ ऑगस्टमध्ये ‘भारत छोडो’चा ठराव झाला, आणि नेहरू, पटेल, मौलाना आझाद प्रभृती नेते आमच्या नगरच्या भुईकोट किल्ल्यात बंदी होऊन आले. आता तर हा शब्द पृथ्वीही सोडून गेला आहे. २०१४ साली भारताचे यान मंगळाच्या कक्षेत पोहोचले, तेव्हा आमच्या शाळेतील मुलांनी फळ्यावर ‘मंगळ मिशन’ असेच लिहिले होते.

मराठीने या एका शब्दासाठी किती पर्याय दिले आहेत! मोहीम, कामगिरी, शिष्टमंडळ, ध्येय, अभियान. आपण चर्चमध्ये ‘प्रेषितकार्य’ म्हणतो. सरकारी भाषांतरकारांचाही गोंधळ होत असावा. कारण आरोग्याचे ‘मिशन’ मराठीत ‘अभियान’ होते, आणि पाण्याचे ‘मिशन’ मात्र मिशनच राहते. या सर्व पर्यायांत ‘प्रेषित’ हा शब्द मुळाच्या सर्वांत जवळचा. ‘प्रेषित’ म्हणजे धाडलेला. ज्याला कोणी धाडलेले नाही तो प्रेषित होऊ शकत नाही, आणि जो धाडूनही जागचा हलत नाही तोही नाही.

परंतु आमच्या जिल्ह्यात, पूर्वीच्या अहमदनगर व २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, लोकांनी या शब्दाला जो अर्थ दिला तो यांपैकी कोणत्याही शब्दकोशात सापडणार नाही. त्यामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत आले आणि १८३१ मध्ये त्यांनी नगरला ठाणे केले. ‘ज्ञानोदय’ हे त्यांचे पत्र १८४२ साली नगरलाच सुरू झाले. सिंथिया फॅरार या मिशनरी बाईंनी येथे मुलींच्या शाळा चालविल्या. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचे धडे त्यांच्याकडे घेतले असे चरित्रकार सांगतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या येशूसंघाचे जर्मन फादर राहुरी तालुक्यातील केंदळला आले. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने जर्मन धर्मगुरूंना शत्रुराष्ट्राचे म्हणून स्थानबद्ध केले व पुढे मायदेशी रवाना केले. ज्यांना पाठविले होते त्यांनाच परत पाठविण्यात आले. त्यांच्या मागे जे दुसरे आले त्यांत पुढे स्विस फादरही होते.

या सर्वांनी शाळा काढल्या, दवाखाने उघडले, वसतिगृहे बांधली, विहिरी खोदल्या. गावकुसाबाहेर राहणाऱ्या, ज्यांना पाणवठ्यावर उभे राहू दिले जात नव्हते अशा आमच्या पूर्वजांना पहिल्यांदा कोणी नावाने हाक मारली ती या कुंपणाच्या आत. साहजिकच त्यांच्या लेखी मिशन म्हणजे ते कुंपण, ती विहीर, तो दवाखाना, तो गव्हाचा व दूधभुकटीचा साठा. “पोरगं मिशनमधी लागलं” म्हणजे त्याला नोकरी मिळाली. “आम्ही मिशनचे” म्हणजे आम्ही ख्रिस्ती. ‘पाठविणे’ ही क्रिया होती. तिची वास्तू झाली. असे केवळ आपल्याकडेच झाले असेही नाही. कॅलिफोर्नियात स्पॅनिश फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी १७६९ पासून एकवीस मिशन-ठाणी उभारली. आज तेथे ‘मिशन’ म्हटले की पुष्कळांना त्या जुन्या इमारतीच आठवतात.

काळ पालटला. परदेशी धर्मगुरू वार्धक्याने गेले, नवे येणे थांबले, परदेशातील धान्य व देणग्या आटल्या. तेव्हा आमच्या भागात एक वाक्य रूढ झाले : “मिशन गेलं.” आमच्या लहानपणी आम्ही ते वडीलधाऱ्यांच्या तोंडून अनेकदा ऐकले आहे. चर्च जागेवर होते, घंटा वाजत होती, मिस्सा होत होती, फादरही होते. केवळ ते आता गोरे नव्हते व त्यांच्या कोठारात गहू नव्हता. तरी लोक म्हणत, मिशन गेलं.

सेमिनरीतून नवी पदवी घेऊन आलेल्या आम्हांला या वाक्याची चीड होती. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली स्पष्ट केले की ख्रिस्तसभा स्वभावतःच प्रेषितकार्य करणारी आहे; प्रत्येक बाप्तिस्माधारी हा पाठविलेला आहे. तेव्हा मिशन म्हणजे देणगी नव्हे, मिशन म्हणजे इमारत नव्हे, हे आम्ही प्रवचनांतून हिरिरीने सांगत असू. सांगत होतो ते खोटे नव्हते. परंतु ते सांगताना आमच्या हातून एक चूक झाली. तीच येथे लिहावी म्हणून ही लेखणी उचलली आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एक वयोवृद्ध मास्तर आमच्याकडे आले. नव्या पिढीतील वाचकांसाठी सांगावयास हवे की, ‘मास्तर’ म्हणजे धर्मशिक्षक. पूर्वी एका फादरकडे तीस-तीस गावे असत. त्या गावांत राहून मुलांना बाराखडी व प्रार्थना शिकविणारे, आजाऱ्याच्या उशाशी बसणारे, मयताला खांदा देणारे हे मास्तरच असत. त्यांचा पगार तुटपुंजा होता. पुढे तोही बंद झाला व पुष्कळ मास्तरांना नारळ देण्यात आला. हे त्यांच्यापैकीच एक. अंगात धुतलेला पण विरलेला सदरा, हातात जुनी सायकल. ते म्हणाले, “फादर, सायकलीचे टायर गेलेत. मिशनकडून काही मदत झाली तर बघा.”

त्या दिवशी आमच्यापुढे शाळेच्या हिशेबाचे कागद पडले होते आणि मन वैतागलेले होते. आम्ही त्यांना बसा म्हणण्याऐवजी व्याख्यान दिले. मिशन म्हणजे पैसे देणारी पेढी नव्हे, तो काळ गेला, मिशन म्हणजे पाठविले जाणे, तुम्ही-आम्ही सर्वच मिशन आहोत, वगैरे. मास्तरांनी मान खाली घालून सगळे ऐकून घेतले. मग अगदी साधेपणाने म्हणाले, “तेच की, फादर. मला धाडलं व्हतं ते मिशननंच. पगार बंद झाला त्याचं पत्र आलं, पण परत बोलावल्याचं पत्र काही आलं नाही.” आणि सायकल हातात धरून ते चालू लागले.

नंतर चौकशी केली तेव्हा कळले की, पगार बंद झाल्यापासूनच्या सर्व वर्षांत त्यांनी आपली चार गावे सोडलेली नव्हती. दिवसा दुसऱ्याच्या शेतात मजुरी करावी आणि दर गुरुवारी सायंकाळी सायकलवरून निघून म्हाताऱ्या, आजारी माणसांच्या घरी बसून जपमाळ म्हणावी, चार शब्द धीराचे बोलावेत, कोणाचे औषध आणून द्यावे, हा त्यांचा नेम. त्यात ख्रिस्ती घरे होती तशी इतरही होती. टायर पाहिजे होते ते यासाठी.

रोमन सैन्यातील तो जुना अर्थ आम्हांला त्या रात्री आठवला. मिस्सिओ म्हणजे मुक्तता. कागदोपत्री मास्तरांना मुक्त केले गेले होते, आणि त्यांनी मात्र त्याच शब्दाचा दुसरा अर्थ धरून ठेवला होता. आम्ही तो अर्थ वर्गात बसून शिकलो होतो. त्यांनी तो सायकलवर पाळला होता. आणि ज्याला तो ठाऊक होता त्यालाच आम्ही तो समजावून सांगत बसलो होतो! त्या रात्री प्रार्थनेचे पुस्तक उघडले, पण अक्षरे पुढे सरकेनात.

दुसरीही एक गोष्ट लक्षात आली, व ती अधिक बोचली. मिशन म्हणजे देणे नव्हे असे आम्ही लोकांना सांगत होतो. पण आमच्या आजोबा-आजींना जी विहीर मिळाली, ती तरी कोणीतरी दूरवरून पाठविलेला माणूस येथे राहिला म्हणूनच मिळाली ना? फादर हर्मन बाखर हे स्विस येशूसंघीय आमच्या जिल्ह्यात दीर्घकाळ राहिले. दुष्काळी गावांनी माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवावे, माती धरावी, हे काम त्यांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन उभे केले. १९९३ साली स्थापन झालेल्या पाणलोट विकासाच्या ‘वॉटर’ या संस्थेच्या संस्थापकांत ते होते. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीसारखी गावे त्या कामाची साक्ष आहेत. २०२१ साली ते निवर्तले. त्यांनी अडविलेले पाणी कोणत्या धर्माचे होते, हे कोणा शेतकऱ्याने विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तेव्हा पाणी पाहून ‘मिशन आलं’ म्हणणाऱ्या आजी अगदीच चुकल्या असे आता आमच्याने म्हणवत नाही. खरी तहान भागविण्यासाठी कोणीतरी आले, एवढे त्यांना त्या शब्दात वाचता येत होते.

याच नगरच्या मातीत रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीही या शब्दाशी झुंज घेतली होती. ते आपल्या पंथाचे नव्हते, तरी मराठी ख्रिस्ती माणसाला ते परके नाहीत. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांच्या आयुष्याची कित्येक वर्षे नगरला अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत गेली. १९१७ साली, मृत्यूपूर्वी अवघी दोन वर्षे आधी, त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. मिशनमधून बाहेर पडून त्यांनी आपले मिशन चालू ठेवले असे म्हटले, तर एकाच वाक्यात या शब्दाचे दोन अर्थ समोरासमोर उभे राहतात. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त त्या संसाराची ओढाताण ज्यांनी वाचली आहे, त्यांना हे पाऊल किती जड असेल याची कल्पना येईल. आमच्या मास्तरांनी ‘स्मृतिचित्रे’ वाचली होती की नाही, हे आम्ही कधी विचारले नाही.

आणि ज्याला कोठे जाता येत नाही त्याचे काय? लिझ्यूची संत तेरेजा पंधराव्या वर्षी मठात गेली आणि १८९७ साली चोविसाव्या वर्षी तेथेच वारली. तिने समुद्र ओलांडून कोणत्याही परमुलखात पाऊल ठेवले नाही. तरी १९२७ साली पोप अकरावे पायस यांनी तिला, समुद्र ओलांडणाऱ्या झेवियरच्या जोडीने, मिशनकार्याची आश्रयदाती संत म्हणून घोषित केले. म्हणजे अंतराचा हिशेब येथेही लागू पडत नाही.

टायर आम्ही दुसऱ्याच दिवशी तालुक्याहून घेतले आणि स्वतः जाऊन दिले. क्षमाही मागितली. मास्तर संकोचून म्हणाले, “अहो, त्यात काय, फादर! तुम्ही बरोबरच सांगत होता.” पुढच्या गुरुवारी आम्ही त्यांच्यासोबत गेलो, मोटारसायकल त्यांच्या दारी ठेवून, चालत. वाटेत त्यांनी प्रत्येक घराची हकीकत सांगितली. या धर्मग्रामात येऊन आम्हांला चार वर्षे झाली होती आणि त्यांतली निम्मी घरे आम्ही कधी पाहिलेली नव्हती. त्यानंतर जमेल तसे पुष्कळ गुरुवार आम्ही त्यांच्याबरोबर घालविले.

दोन वर्षांपूर्वी मास्तर देवाघरी गेले. अंत्यविधीला चारही गावांचे लोक होते, त्यांत टोपी-फेट्याची मंडळी निम्म्याहून अधिक. दफन झाल्यावर कार्यालयात नोंदवही उघडली. नाव, वय, दिनांक लिहून झाले. व्यवसायाच्या रकान्यात आमच्या मदतनिसाने सवयीने ‘निवृत्त मिशन मास्तर’ असे लिहिले होते. आम्ही लेखणी घेतली व ‘निवृत्त’ या शब्दावर एक आडवी रेघ ओढली.

त्या वाडीवर आम्हांला येत्या महिन्यात पुन्हा जावयाचे आहे. टाकीत अजून पाणी चढलेले नाही असे कळते. आजी विचारतीलच, मिशन परत आलं का म्हणून. या वेळी सरकारी योजनेची माहिती सांगण्याआधी त्यांच्याजवळ थोडा वेळ बसावे असे मनात आहे.